काहीच न करण्याची शिकवणी

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की भेटायला येणारी माणसं ठरावीक प्रश्न विचारतात. जात कोणती, चावते का, आणि मग जरा उत्साहानं, "काय काय शिकवलंत?" अपेक्षित उत्तर असतं ते हात देते, लोळून दाखवते, चेंडू आणून देते, अशा धर्तीचं. आमची भिंगरी यातलं फारसं काही करत नाही. "सध्या नुसतं पडून राहायला शिकवतेय," असं मी सांगितलं की समोरच्याला थट्टाच वाटते. एका पाहुण्यांनी स्पष्टच विचारलं, "त्यात काय शिकवायचं? दमली की पडेल."

पडत नाही ना. दमली की ती पिसाळल्यासारखी धावते, खुर्चीचे पाय कुरतडते, माणसांच्या पोटऱ्या धरते. ती आली त्या संध्याकाळी स्वतःभोवती ज्या गिरक्या घेत होती, त्या पाहून मुलानं तिचं नाव ठेवलं, आणि तिनं ते नाव राखायचं ठरवलेलं दिसतं.

'बस' शिकवायला खरंच फार अक्कल लागत नाही. खाऊ धरलेली चिमूट पिल्लाच्या नाकासमोर धरायची आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यायची. नाक वर जातं, तोल मागे जातो, बूड आपोआप जमिनीला टेकतं. टेकलं रे टेकलं की खाऊ तोंडात. असं थोड्या वेळा झालं की रिकाम्या हातालाही ते बसतं आणि पुढे नुसत्या शब्दाला. एका दुपारीत पाहुण्यांना दाखवण्याजोगं काहीतरी पदरात पडतं. पण बसली, खाऊ मिळाला, पुढे काय? पुढे उठली आणि पडद्याला लटकली. घरात कुत्रं असण्याचा बहुतेक वेळ या 'पुढे काय'मध्येच जातो. आपण जेवत असतो, फोनवर बोलत असतो, दाराशी कुणी आलेलं असतं, बाळ झोपलेलं असतं. या सगळ्या वेळी कुत्र्यानं काय करावं अशी आपली इच्छा असते? काहीही करू नये, हीच. आणि नेमकी ही एकच गोष्ट आपण त्याला कधी शिकवत नाही.

उलट, न कळत त्याच्या विरुद्धच शिकवत असतो. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यात कोंडून बाहेर खाणं ठेवलं होतं. आतून खटका किंवा दोरी ओढली तरच दार उघडायचं. मांजरं ओरबाडायची, चावायची, धडका द्यायची, आणि त्या धडपडीत कधीतरी पंजा खटक्यावर पडायचा. पुढच्या वेळी जरा लवकर, त्यापुढे आणखी लवकर. "अच्छा, असं आहे होय!" असा साक्षात्काराचा क्षण त्याला कुठल्याच मांजरात दिसला नाही. बिनकामाच्या हालचाली हळूहळू गळत गेल्या आणि ज्यानं दार उघडतं ती तेवढी उरली. ज्या वागण्यापाठोपाठ काहीतरी हवंसं घडतं ते वागणं टिकतं, हा त्याचा निष्कर्ष. मला यातलं 'पाठोपाठ' महत्त्वाचं वाटतं, कारण घरात आलेलं पिल्लू दिवसभर हाच प्रयोग आपल्यावर करत असतं. भुंकलं, लगेच कुणीतरी वळून बघितलं. मोजा तोंडात धरून पळालं, अख्खं घर मागे धावलं. सोफ्यावर चढलं, दोन हातांनी उचलून खाली ठेवलं गेलं, म्हणजे फुकटात कडेवर घेणं झालं. आणि गप्प पडून राहिलं? तेव्हा आपण चवड्यांवर चालत दुसऱ्या खोलीत जातो आणि तिथं सुटकेचा श्वास टाकतो. त्याच्या हिशेबात गप्प पडण्याची कमाई शून्य. उलट तसं केलं की माणसं नाहीशी होतात.

म्हणून खिशात खाऊ ठेवायचा आणि कुत्रं काहीच करत नसेल तेव्हा पैसे मोजायचे, असं मी ठरवलं. ऐकायला सोपं आहे, पण हातून घडायला महाकठीण, कारण माणसाची नजर गोंधळाकडे जाते, शांततेकडे जात नाही. भिंगरी कोपऱ्यात हनुवटी टेकून पडलीय हे आधी दिसलं पाहिजे. मग न बोलता तिच्यापाशी जायचं, दाणा तिच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा आणि आल्या पावली परत फिरायचं. "शाब्बास! कित्ती गुणाची गं ती!" हे पूर्ण वर्ज्य, कारण तेवढ्यानं ती उठून नाचायला लागते आणि ज्याचं बक्षीस द्यायचं तेच संपतं. हातानं भरवायचंही नाही. भरवलं की तिचं लक्ष हाताला चिकटतं. जमिनीवरचा दाणा तिला खाली, आहे तिथंच राखतो. सुरुवातीला ती दाणा संपवून माझ्यामागे यायची. मी खुर्चीत बसून पुस्तक उघडायचे. दहा मिनिटं बघून कंटाळून ती आडवी व्हायची, की आणखी एक दाणा. पुढे एक दिवस ती माझ्याकडे बघत बघत मुद्दाम, मोठ्या नाटकीपणे, उसासा टाकून आडवी झाली. तो ढोंगी उसासा मला फार आवडला. ढोंगानं आडवं झालेलं पिल्लूही पाच मिनिटांत खरोखर पेंगायला लागतं. शरीर आडवं झालं की बाकीचं मागून येतं.

संध्याकाळचं काय, असं पिल्लू पाळणारा कुणीही विचारेल. दिवे लागणीला बहुतेक पिल्लांच्या अंगात येतं. कान मागे, शेपूट खाली घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धाव, मध्येच वळून कडाडून चावा. आमच्याकडे यावर एकमत होतं की हिची ताकद जिरत नाहीये, आणखी खेळवा. खेळवलं की आणखी पेटायची. पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते, हे वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणसांच्या घरात कुणी ना कुणी सतत ये-जा करत असतं आणि पिल्लाला प्रत्येकाबरोबर उठावंसं वाटतं. झोप आलेलं लहान मूल जसं झोपायचं सोडून किरकिरतं, तसंच हे. तिचा पिंजरा आम्ही शांत खोलीत नेला, वरून चादर टाकली, आत चघळायला काहीतरी ठेवलं आणि दार उघडं ठेवलं. पिंजरा ही शिक्षेची जागा होऊ नये म्हणून कितीही राग आला तरी तिला तिथं कोंडायचं नाही, हा घरातला एकमेव नियम जो कुणी मोडला नाही.

चावण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवख्यांना सर्वांत जास्त तेच छळतं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या ठणकत असतात, तेव्हा जगातली प्रत्येक वस्तू चघळण्यासाठीच असते. पण किती जोरानं चावायचं हे पिल्लू भावंडांबरोबर दंगा करताना शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतं. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये म्हणतात. आपल्या घरी तोच नियम पुढे चालवायचा : दात लागला की खेळ बंद, हात मागे, तोंड फिरवून उभं राहायचं. ओरडणं आणि हात झटकणं दोन्ही त्याला खेळातली रंगत वाटते.

शी-शूच्या बाबतीत मी लांबण लावणार नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की उचलून बाहेर न्यायचं, झालं की तिथंच लगेच कौतुक करायचं, आणि घरात झालंच तर निमूट पुसायचं. पुसायला अमोनियाचा वास येणारं काही नको. त्या वासावरून कुत्र्याला तीच जागा बरोबर वाटते. नाक घासणं, ओढत नेऊन दाखवणं हे सगळं आपल्या समाधानासाठी. "पण तिला कळतं हो, चेहरा बघा कसा पडलाय!" असं आमच्याकडेही म्हटलं गेलं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हेच तपासून पाहिलं होतं. नको सांगितलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला आहे की नाही, हे मालकांना कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो पडलेला, अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावले तेव्हा, आणि खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांना रागावल्यावर तर तो अधिकच ठळक दिसला. तो चेहरा म्हणजे कबुली नव्हे. समोरचं माणूस चिडलंय एवढंच त्यावर लिहिलेलं असतं.

आता नानांकडे वळते. नाना म्हणजे माझे सासरे. जेवताना भिंगरीला ताटातलं काही द्यायचं नाही असं ठरलं, आणि नाना ते पाळतात. म्हणजे त्यांच्या मते पाळतात. "मी रोज देत नाही गं, कधीतरीच देतो." त्यांच्या खुर्चीखाली ती प्रत्येक जेवणाला पुतळ्यासारखी बसते, आणि इतरांच्या खुर्चीकडे फिरकतही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरं चकतीवर चोच मारून दाणे मिळवायची. प्रत्येक वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाल्यावर थोड्याच वेळात नाद सोडायचं. ज्याला अधूनमधून, केव्हा ते न कळता, दाणा मिळत आला होता, ते मात्र मारतच राहायचं, मारतच राहायचं. जुगाराची यंत्रंही याच तत्त्वावर माणसं खिळवून ठेवतात. नानांचं 'कधीतरीच' हे रोजच्यापेक्षा कितीतरी भक्कम शिक्षण आहे, हे मी त्यांना जेवणानंतर अर्धा तास समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मग रोज देऊ का?"

शेवटी देणं थांबवायचं ठरलं. त्यानंतर जे होतं त्याची कल्पना आधी असलेली बरी. कमाई अचानक बंद झाली की वागणं आधी वाढतं आणि मग विरतं. भिंगरी आधी नुसती बसायची, ती आता कुईकुई करू लागली, मग भुंकू लागली, मग नानांच्या मांडीवर पंजे. बहुतेक घरं नेमकी या टप्प्यावर शरण जातात आणि कुत्र्याला धडा मिळतो की बसून भागत नाही, भुंकावं लागतं. या काळात तिला जेवणाच्या वेळी चटईवर चघळायला देऊन दुसरीकडे गुंतवणं हाच त्यातल्या त्यात सुसह्य मार्ग होता.

याच सुमारास एका ओळखीच्यांनी एक प्रशिक्षक पाठवले. त्यांनी आल्या आल्या तिला कुशीवर पाडलं, मानेवर हात दाबून धरला आणि ती धडपडायची थांबेपर्यंत सोडलं नाही. "बघा, झाली की नाही शांत? घरात म्होरक्या कोण ते तिला कळलं पाहिजे." तुम्ही आधी जेवा, दारातून तुम्ही आधी बाहेर पडा, वगैरे सूचनाही झाल्या. हे म्होरक्याचं शास्त्र कुठून आलं ते मी मागाहून शोधलं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली लिहिलं, की कळपात वरच्या जागेसाठी सतत झुंज चालते. अमेरिकन लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या लांडग्यांवरील पुस्तकानं ती कल्पना घरोघरी पोचवली. पण मेक यांनी पुढे वर्षानुवर्षं कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ राहून पाहिलं, तर कळप म्हणजे साधं कुटुंब निघालं. आईबाप आणि त्यांची लेकरं. १९९९ साली त्यांनी तसं लिहून आपलीच जुनी कल्पना खोडली, आणि ते पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. शास्त्रज्ञानं मागे घेतलेली गोष्ट प्रशिक्षकांनी मात्र घट्ट धरून ठेवली आहे. ती सोपी आहे आणि माणसाच्या अहंकाराला गोंजारते, हेच त्याचं कारण असावं.

पण मला त्या दिवशी खटकलं ते वेगळंच. ती खरोखरच निश्चल झाली होती. मी ज्याच्यासाठी एवढे दाणे खर्चत होते, ते काहीच न करणं, यांनी मिनिटभरात मिळवून दाखवलं होतं. मग माझं आणि त्यांचं यात फरक काय?

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेले प्रयोग वाचवत नाहीत, पण वाचावेत. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले जात आणि डोक्यानं पट्टी दाबली की ते थांबत. दुसऱ्या काही कुत्र्यांना तेवढेच झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी थांबत नसत. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथं मधला बुटका अडसर उडी मारून ओलांडला की सुटका होती. पहिली उड्या मारून सुटली. दुसऱ्यांतली बरीचशी तिथंच आडवी झाली आणि कण्हत झटके सोसत राहिली. दुरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती शहाणी, शांत कुत्री. पन्नासेक वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं फिरवलं. असहायता शिकावी लागत नाही, म्हणाले. दीर्घ त्रासापुढे गप्प पडून राहणं ही प्राण्याची मुळातली प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्यानं काही बदलतं.

फरक इथं आहे. मला हवं असलेलं पडून राहणं तेच, जिथं उठता येतं हे तिला माहीत आहे. आणि हा फरक कुत्र्याच्या अंगावर दिसतोही. निवांत कुत्रं एका कुल्ल्यावर कललेलं असतं, मागचे पाय एका बाजूला सोडलेले, श्वास खोल, डोळे अर्धे मिटलेले. घाबरून थिजलेलं कुत्रं दोन्ही कोपरांवर ताठ असतं, ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभया देतं, मान न वळवता डोळ्यांच्या कडेनं बघतं, तेव्हा बुबुळाशेजारचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. त्या प्रशिक्षकांच्या हाताखाली मला ती कोर दिसली. ते पुन्हा आले नाहीत. आम्ही बोलावलं नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं शिक्षणही याच सुरात लागतं. नखं कापणं, कान पुसणं, डॉक्टरांनी तोंड उघडून बघणं, यासाठी कुत्र्याला दाबून धरण्याची आपली सवय. त्याऐवजी मी रोज थोडा वेळ तिचा पंजा हातात घेते आणि दाणा देते. तिनं पंजा काढून घेतला की मी सोडते. आधी ती प्रत्येक वेळी काढून घ्यायची. सोडतात हे कळल्यावर काढून घेणं कमी झालं.

बाहेरच्या जगाची ओळख हेही बरंचसं काही न करण्याचंच काम आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याच्या लेखी 'नेहमीचं' ठरतं. त्यानंतर नवं ते संशयास्पद. पंचाईत अशी की लसी पूर्ण व्हायच्या आत ही खिडकी मिटायला लागते. त्यामुळे आम्ही तिला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहायचो. छत्र्या, सायकली, काठी टेकत चालणारे आजोबा, गणवेशातली मुलं, ट्रकचा हॉर्न. लोकांना वाटतं पिल्लाला माणसांत मिसळायला शिकवणं म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर सोडणं, प्रत्येकाकडून कुरवाळून घेणं. अशी पिल्लं मोठी झाली की दिसेल त्या माणसाकडे पट्टा ताणत झेपावतात. जग समोरून जातंय आणि आपल्याला त्याचं काही करायचं नाही, हेही बघून ठेवायचं असतं.

सगळ्यात अवघड एकटं राहणं. इथं रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव आठवतात. त्यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी. खाणं यायच्या आधीच, घंटेसारख्या नुसत्या खुणेनंही, कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, ही गोष्ट त्या कामाच्या ओघात पुढे आली आणि तीच त्यांच्या नावाला कायमची चिकटली. आमच्या घरात घंटेच्या जागी किल्ल्या आहेत. किल्ल्यांचा खळखळाट झाला की भिंगरीची लाळ सुटत नाही, तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून मी किल्ल्या उचलून स्वयंपाकघरात जाते. बूट घालून टीव्ही बघते. दार उघडून बाहेर पडते आणि ती उठायच्या आत परत येते, कसलाही निरोप किंवा स्वागत न करता. मग जरा जास्त वेळ. ती कुईकुई करायच्या आत परतता आलं पाहिजे, म्हणून लांबी तिच्याकडे बघून ठरते, घड्याळाकडे बघून नाही. शेजाऱ्यांना आमच्या घरात काहीतरी बिघडलंय असं नक्की वाटत असणार.

आणि हे सगळं रुळलं असं वाटेपर्यंत ती वयात आली. परवापर्यंत हाकेला धावत येणारी भिंगरी आता वळून बघते, विचार करते आणि पुन्हा गवत हुंगायला लागते. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंधांच्या मदतीसाठी तयार होणाऱ्या पिल्लांचा अभ्यास केला होता. आठ महिन्यांच्या वयात कुत्री स्वतःच्या माणसानं 'बस' म्हटलेलं पाच महिन्यांच्या मानानं अधिक टाळतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. वर्षाची होईतो गाडी बरीचशी रुळावर येते म्हणे. तोवर लांब दोरी, खिशात खाऊ, आणि आधीचं सगळं पहिल्यापासून. परवा गॅस तपासायला आलेल्या माणसानं सहज "बस" म्हटलं आणि ती बसली. माझं तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. घरातल्या माणसांपैकी सध्या ती फक्त नानांचं ऐकते, पहिल्या हाकेला. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, आता आम्ही काही देत नाही हो.